घरातली पोकर स्पर्धा रात्री अकराला कशी संपवायची?

आजचा विषय हलकाफुलका वाटेल, पण त्यात गणित आहे आणि माणसं सांभाळणंही आहे. घरी आठ जण जमवून पोकरची स्पर्धा कशी घ्यायची, ते पाहू. खेळ टेक्सास होल्डेमचा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, आणि या सातांतून सर्वांत भारी पाच धरायचे.

आधी आमची फजिती सांगतो. पहिल्या वेळी आम्ही चिप्स वाटल्या आणि खेळायला बसलो. वेळापत्रक वगैरे काही नाही. रात्रीचा एक वाजला तरी पाच जण खेळतच होते. एक मित्र साडेआठलाच बाद झाला होता. तो बिचारा सोफ्यावर फोन बघत बसला आणि कधी निघून गेला ते कुणाला कळलंही नाही. पुढच्या वेळी बोलावलं तर आलाच नाही. चूक आमची होती.

मग स्पर्धा संपते कशामुळे? पत्त्यांमुळे नाही, ब्लाइंडमुळे. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच पॉटमध्ये टाकायची सक्तीची रक्कम. वाटणाऱ्याच्या डावीकडचा खेळाडू छोटा ब्लाइंड टाकतो, त्याच्या पुढचा मोठा. वाटणी दर डावाला एक जागा पुढे सरकते, त्यामुळे ही पाळी प्रत्येकावर येते. ही रक्कम वाढत गेली नाही, तर माणूस चांगल्या पत्त्यांची वाट बघत रात्रभर बसू शकतो.

आता हिशोब करू. प्रत्येकाला ५,००० च्या चिप्स द्या: २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १,००० च्या दोन. आठ जणांचे झाले ४०,०००. आमचा ठोकताळा असा, की टेबलावरच्या एकूण चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या साधारण वीसपट उरल्या की खेळ संपत येतो. ४०,००० भागिले २० म्हणजे २,०००. तिथपर्यंत पोचायच्या पायऱ्या अशा: २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००. मग सुट्टी. पुढे २००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१,२००, ८००-१,६०० आणि १,०००-२,०००.

एकूण ११ पायऱ्या, प्रत्येकी १५ मिनिटं. आठला सुरू केलं तर सव्वानऊला सुट्टी, साडेनऊला पुन्हा सुरू, आणि अकराच्या आसपास निकाल. फोनवर गजर लावा. तो वाजला की पुढच्या डावापासून नवा ब्लाइंड. सुट्टीत २५ च्या चिप्स गोळा करून त्यांच्या बदल्यात १०० च्या द्या, कारण पुढे २५ ची गरजच पडत नाही. सुटी उरली तर वरची १०० ची एक देऊन टाका. त्यासाठी १०० च्या वीस-बावीस चिप्स जास्तीच्या हाताशी असू द्या. पत्त्यांचे दोन कॅट ठेवा, पाठीचा रंग वेगळा. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार होतो.

भांडण होतं ते बहुतेक वेळा ऑल-इनवर. समजा, एकाकडे १,००० आहेत, दुसऱ्या दोघांकडे ३,०००-३,०००, आणि तिघांनी सगळं लावलं. तर प्रत्येकाचे १,००० मिळून मुख्य पॉट ३,००० चा. उरलेल्या ४,००० चा बाजूचा पॉट, तो फक्त दुसऱ्या दोघांमधला. पहिल्याचे पत्ते कितीही भारी निघोत, त्याला ३,००० च मिळतील. हे खेळ सुरू होण्याआधीच सगळ्यांना सांगा. आणि शेवटी दोघंच उरले की छोटा ब्लाइंड वाटणाऱ्याचा, हेही.

पैशांचं काय, असं नेहमी विचारलं जातं. आमच्या टेबलावर पैसे नसतात. जुगाराविरुद्धचा १८८७ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर वाद आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. पण खरं कारण कायदा नाही. मित्राचे पैसे जिंकून त्यालाच दारापर्यंत सोडायला जाणं बरं वाटत नाही, बघा.

‘मग मजा काय?’ मजा अशी, की चिप्स संपल्या की संपल्या. परत घ्यायची सोय ठेवली नाही, तर त्या प्लास्टिकच्या चकतीला आपोआप वजन येतं. माणूस विचार करून खेळतो.

आणि तो पहिला बाद होणारा? आता आम्ही त्याला सोफ्यावर जाऊ देत नाही. तो खेळाडूंच्या वतीने पत्ते वाटतो, गजर सांभाळतो, पॉट मोजतो. शेवटपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघत असतात. आमचा तो मित्रही हल्ली येतो, आणि वाटायला त्याच्याइतका चोख कुणी नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.