द्राक्षं तोला, रस मापा

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात द्राक्षं किलोवर मिळतात. घरी जॅमची कृती उघडावी, तर तिथे ‘दोन कप द्राक्षं, दीड कप साखर’ लिहिलेलं असतं. मग तक्त्यांची शोधाशोध सुरू होते: एक कप म्हणजे किती ग्रॅम? सबंध फळाच्या बाबतीत याला एकच एक उत्तर मिळत नाही, कारण कपात फळाबरोबर हवाही मापली जाते. सारख्या आकाराचे गोल दाणे भांड्यात ओतून कितीही हलवले, तरी जेमतेम ६४ टक्के जागा भरते. गोलाऐवजी चपटे किंवा लांबट दाणे असले तर ते जास्त दाटीने बसतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००४ साली चक्क चॉकलेटच्या चपट्या गोळ्या भरून हे दाखवलं. त्यामुळे लांबट सोनाका आणि गोल दाण्याची जात एकाच वाटीत सारखी भरतील, हे धरून चालू नये. वाटी लहान आणि दाणा टपोरा असला, तर कडेला आणखी पोकळी राहते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम, कापलेली १६६, तर गर केलेली २३२ ग्रॅम आहे. फळ तेच, कपही तोच. त्यात कुणाचा कप २४० मिलिलिटरचा, कुणाचा २५०चा. आपल्या वाटीबद्दल तर बोलायलाच नको.

एवढा काटेकोरपणा भाजी-आमटीत कुणी करू नये. जॅमचं मात्र गणितच वेगळं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे बहुतेक फळांच्या जॅममध्ये निदान ४५ टक्के फळ आणि ६५ टक्के विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, लागतात. साखर बारीक असल्याने तिचा कप साधारण २०० ग्रॅमच भरतो. फळाचा कप मात्र दर वेळी हलतो, आणि प्रमाण बिघडलं की जॅम पातळ राहतो किंवा लवकर आंबतो. यावर कुणी म्हणेल, आजीने कधी काटा वापरला? तिच्याकडे चिपटं, मापटं, शेर, पायली होती, पण ती धान्यासाठी. आणि तिच्या ‘वाटीला वाटी’ साखरआंब्यात आंबा किसलेला असायचा. किसात, गरात पोकळी फारशी उरत नाही, वाटी दोन्हींना एकच, त्यामुळे प्रमाण दर वर्षी तेच राहायचं. तेव्हा गर आणि रस खुशाल मापाने घ्यावेत. अख्खं फळ तोलावं.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: प्रत्येक घरात काटा नसतो. पण खुणांचा जग बहुधा असतो. त्यात ५०० मिलिलिटर पाणी घ्यावं आणि देठ काढलेली द्राक्षं सोडत जावीत. पिकलेलं द्राक्ष पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जातं. पाणी ७५०च्या खुणेवर आलं, की द्राक्षांचं आकारमान २५० मिलिलिटर, वजन सुमारे २७० ग्रॅम. पोकळीत पाणी शिरल्यामुळे हवेचा घोळच मिटतो. बेदाण्यांना ही युक्ती लावली तर लगेच वाचावं, ते पाणी पितात. सफरचंद तरंगतं, तेव्हा ते बुडवायला जाऊ नये: ते मोकळं तरंगत असताना पाणी जितके मिलिलिटर चढेल, तितकेच ग्रॅम त्याचं वजन.