नाव कोणाचे, बेणे कोणाचे?



एरवी या पानावर आम्ही लागण, खत, पाणी आणि खोडवा यांपलीकडे फारसे जात नाही. पण अलीकडे शिवारात गेलो की एकच शंका निरनिराळ्या तोंडांनी ऐकू येते. केळीच्या खोक्यावर 'जळगाव' छापले तर चालते का? भावबंदाला उसाचे बेणे दिले तर कोणी कोर्टात खेचील का? एरंडोलच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर सरळच विचारले, "बेनं तं आमनंच शे ना, साहेब?"

आहे, तुमचेच आहे. पण त्यात एक मेख आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी नावाचे पाहू. दुकानदाराचा मार्का, म्हणजे ट्रेडमार्क, हा एका मालकाचा असतो. साबणाचे, चहाचे, बियाणे कंपनीचे नाव त्यात येते. दुसरा प्रकार गावाच्या किंवा मुलखाच्या नावाचा, ज्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. त्याचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, आणि नोंदणीची कचेरी चेन्नईस. देशात पहिले मानांकन २००४ साली दार्जिलिंग चहाला मिळाले. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला २०१६ साली दोन आली : भरताचे वांगे आणि जळगावची केळी. केळीची नोंद तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. २०२१ च्या जून महिन्यात त्याच तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली, हे बऱ्याच जणांनी वर्तमानपत्रात वाचले असेल.

आता मेख ऐका. आपली बाग जळगाव जिल्ह्यात आहे म्हणून मानांकनाचा शिक्का आपोआप आपल्या खोक्यावर येत नाही. प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईस स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. ती झाली की बाहेरचा माल आपल्या नावाने खपविणाऱ्यावर दावा लावण्याचा हक्कही मिळतो. नोंदणीची मुदत १० वर्षे, पुढे नूतनीकरण. आमचे मत विचाराल तर मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून सत्कार घेणे सोपे, पण वापरकर्त्यांची यादी वाढविणे हे खरे काम, आणि तेच मागे पडते. ऊसवाल्यांना जवळचे उदाहरण कोल्हापुरी गुळाचे. त्याला २०१४ साली मानांकन मिळाले, तरी बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही तेथील गुऱ्हाळवाल्यांची तक्रार काही थांबलेली नाही. कागद हातात असला तरी राखण करणारा माणूस लागतोच.

कागदावरून आठवले. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात आपल्या एरंडोलची ओळख हातकागदाचे गाव अशी दिलेली आहे. त्या काळी असला कायदा नव्हता. आज ते नाव सांगणारेही थोडेच उरले.

आता बियाण्याकडे वळू. येथे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची हकीगत प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. अल्पभूधारक माणूस. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून वर्षानुवर्षे निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचे, चवीचे वाण तयार केले. ते बाजारात आले तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, तेच नाव धानाला चिकटले. गंमत पाहा, वाण शेतकऱ्याचे आणि नाव घड्याळाच्या कारखान्याचे! पुढे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही-एचएमटी' म्हणून वाण प्रसृत केले. आम्ही शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. दादाजींना २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, नाव झाले, पण त्या वाणाच्या विक्रीतला वाटा काही मिळाला नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. निवड करणारा आणि शुद्ध करणारा यांत हक्क कोणाचा किती, हा वाद त्यांच्यामागेही तसाच आहे. आमच्या मते पहिली लोंबी ज्याने ओळखली त्याचे नाव तरी पोत्यावर यायलाच हवे होते.

अशा माणसांसाठीच पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्यात कंपनी वाण नोंदवू शकते, तसा शेतकरीही नोंदवू शकतो, आणि शेतकऱ्याला फी माफ आहे. त्यातले कलम ३९ पाठ करावे असे आहे. नोंदलेल्या वाणाचे बियाणेसुद्धा शेतकरी राखून ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो. मनाई एवढीच, की पिशवी भरून, त्यावर वाणाचे नाव छापून, 'ब्रँडेड' म्हणून विकायचे नाही.

या कलमाची कसोटी लागली गुजरातेत. २०१९ साली पेप्सिको कंपनीने साबरकांठा-अरवली भागातील बटाटा उत्पादकांवर दावे लावले. आमचे एफएल २०२७ हे चिप्सचे वाण परवानगीशिवाय लावले, असा आरोप. काहींकडून तर प्रत्येकी १ कोटी रुपयांवर भरपाई मागितली. देशभर गवगवा झाला तसे मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. मग डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने वाणाची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ते उचलून धरले, तर जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवून कंपनीची नोंदणी कायम केली. ऐकून काहींच्या पोटात गोळा आला. पण नोंदणी कंपनीची राहिली तरी कलम ३९ आहे तसेच आहे. अडचण निराळीच : कायदा आपल्या बाजूचा असला तरी कोटीच्या नोटिशीपुढे बटाटेवाला वकील कुठून आणणार?

उसाचे त्या मानाने बरे आहे. आपले वाण सरकारी संशोधनातून आलेले. को ८६०३२ यातला 'को' म्हणजे कोइमतूर. पुढे पाडेगावच्या केंद्रात पारखून 'नीरा' नावाने ते महाराष्ट्रात आले. फुले २६५ तर पाडेगावचेच. तेव्हा भाऊबंदांत बेणे द्या-घ्या, कायदा आडवा येत नाही. मात्र नावाची फसवाफसवी इथेही चालते. ८६०३२ म्हणून आलेली मोळी भलतीच निघते, उगवण विरळ होते, गवताळ वाढीचा रोग वावरात शिरतो, आणि सव्वा वर्षाने नोंदीतले वाण व उभे वाण जुळत नाही. बेणे प्लॉट आधी उभा पाहावा, नऊ-दहा महिन्यांचेच बेणे घ्यावे, खोडव्याचे घेऊ नये.

कपाशीवाल्यांसाठी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असा निर्वाळा दिला आहे. बियाणे फसले तर ग्राहक न्यायालयात जाता येते. वाण कायद्याखालीही, सांगितल्याप्रमाणे पीक आले नाही तर प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. पण त्यासाठी पक्की पावती, रिकामी पिशवी, लेबल आणि चिमूटभर बियाणे पीक निघेपर्यंत घरात पाहिजे. चोरबीटीच्या पाकिटाला यातले काहीच नसते. स्वस्त पडते म्हणून ते घेतले की दाद मागायची वाट आपणच बुजवली म्हणून समजा.

लागणीची नोंद देताना यापुढे वाणाबरोबर बेणे कोणाच्या प्लॉटातून आणले तेही सांगावे. केळी किंवा वांग्यासाठी वापरकर्ता नोंदणी करायची असेल त्यांनी सातबारा उतारा घेऊन शेतकी विभागात यावे. अर्ज भरून देण्यास आम्ही बसलेलोच आहोत.