विश्लेषण : लठ्ठ मुलांचे घोरणे म्हणजे गाढ झोप का नव्हे?

मूल घोरू लागले, की घरात कौतुकच होते. ‘दमलाय बिचारा, झोपू दे’ म्हणत दिवा मालवला जातो. सर्दी झालेली असताना चार रात्री घोरणे वेगळे. पण वजन जास्त असलेले मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

रात्री नेमके काय होते?

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. टॉन्सिल्स आणि नाकामागचे ॲडिनॉइड्स वाढलेले असतील तर श्वासाची वाट आधीच अरुंद असते. घशाभोवतीची चरबी ती आणखी दाबते, पोटाच्या चरबीमुळे फुप्फुसेही पुरेशी फुगत नाहीत. श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. हाच ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’. प्रौढांमध्ये तासाला पाचपेक्षा कमी अडथळे सामान्य समजले जातात. मुलांमध्ये तासाला एक अडथळाही असामान्य मानतात.

साखरेशी संबंध कसा?

श्वास अडला, की शरीर संकट आल्यासारखे वागते. ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो, इन्सुलिनचा प्रभाव घटतो. लठ्ठपणामुळे तो आधीच घटलेला असतो, त्यामुळे यात कशाचा वाटा किती हे सांगणे अवघड. फॅटी लिव्हरशीही या विकाराचा संबंध आढळला आहे. शिवाय अपुऱ्या झोपेने भूक वाढते, वजन वाढते आणि श्वास आणखी अडतो. मानेमागे काळपट, मखमली पट्टा दिसणे ही इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. अनेक घरांत तो मळ समजून घासला जातो. तो घासून जात नाही.

दिवसाही गल्लत होते. झोप न झालेली मोठी माणसे पेंगतात. मुले बऱ्याचदा उलट चुळबुळी, चिडचिडी होतात. मग शाळेतून ‘लक्ष नसते’ अशी तक्रार येते आणि मूल बोलणी खाते.

उपाय काय?

घोरण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडीओ डॉक्टरांच्या उपयोगी पडतो, पण खात्रीचे निदान रात्रभराच्या झोप-तपासणीतूनच होते. वाढलेले टॉन्सिल्स, ॲडिनॉइड्स काढणे हा सहसा पहिला उपचार. मात्र लठ्ठ मुलांमध्ये शस्त्रक्रियेनंतरही त्रास उरण्याचे प्रमाण जास्त असते. काहींना रात्री सीपॅप यंत्राचा मास्क लावावा लागतो आणि वजनावर काम सुरूच ठेवावे लागते. घोरणे थांबले म्हणून अनेक पालक पुढची तपासणी टाळतात. या मुलांची झोप-तपासणी शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पुन्हा करायची असते.