फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर दर दोन-चार दिवसांनी मध्येच बंद पडू लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून टाका.’ हा उपाय सगळ्यात शेवटी ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. फॉरमॅट मारला की विंडोजने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातात. आणि दोष रॅममध्ये किंवा वीजपुरवठ्यात असेल तर थोड्याच दिवसांत ये रे माझ्या मागल्या. म्हणून आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या आणि एक साधी वही काढा.

वहीत दर वेळची तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं आणि मशीन नेमकं कसं बंद पडलं ते लिहायचं. प्लग उपटल्यासारखा झटक्यात अंधार झाला, की चित्र जागच्या जागी थिजलं आणि माउसही हलेना, की निळा पडदा आला? या तीन गोष्टींची कारणं बहुधा वेगवेगळी असतात. खोक्यातला पंखा तेव्हा जोरात फिरत होता का, लाइट नुकतीच गेली-आली होती का, हेही टिपून ठेवा.

निळ्या पडद्याला लोक उगाच घाबरतात (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे). विंडोजच्या गाभ्यात काहीतरी इतकं बिघडलं, की पुढे काम चालू ठेवलं तर फायली खराब होतील, अशा वेळी विंडोज स्वतःहून थांबते. साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटाच बंद होतो. पण बहुतेक ड्रायव्हर या गाभ्यातच चालतात, त्यामुळे एक ड्रायव्हर चुकला तरी अख्खं मशीन थांबतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच थांबले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

पडदा वाचायला वेळ मिळावा म्हणून एक सेटिंग बदला. ‘रन’मध्ये ‘एसवायएसडीएम डॉट सीपीएल’ टाइप करा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि आपोआप रीस्टार्ट होण्यापुढची खूण काढा. आता पडद्यावरचा स्टॉप कोड निवांत उतरवून घेता येईल. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर संशयित सापडला : तो ड्रायव्हर अलीकडेच बदललेला असेल तर जुन्या आवृत्तीवर जा, नाहीतर उत्पादकाच्या साइटवरून नवा घ्या. दर वेळी कोड वेगळाच येत असेल तर मी आधी रॅमकडे बघेन.

पडदा न येताच मशीन बंद होत असेल तर विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल खुणेची नोंद हमखास दिसते आणि ती वाचून लोक थेट नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेऊन येतात. ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाउन न होता बंद झालं. तिच्या तपशिलात बगचेक कोड असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. मग वीज, उष्णता किंवा पूर्ण हँग यांपैकी काहीतरी. शून्य नसेल, तर पडदा येऊन गेला आणि तुम्ही तो पाहिला नाही.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी ही सेटिंग चालू असेल तर ती बंद करून पुन्हा तपासा, कारण कधीकधी रॅम चांगली असते, पण तिला जास्त वेगाने पळवलं जात असतं. तरी चुका आल्या तर एकेक पट्टी वेगळी लावून बघा. पट्टी काढण्याआधी प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, दोन्ही टोकांच्या कळा उघडा. खालच्या सोनेरी दातांवर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मळाचा पातळ थर बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने तो पुसा. दुकानात खोडरबर वापरतात, पण वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, म्हणून मी खोडरबर टाळायला सांगतो. पूर्ण वाळल्यावर पट्टी परत बसवा, ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत.

गेम किंवा व्हिडिओ चालू असतानाच मशीन बंद होत असेल तर तापमान बघा. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. अनेक इंटेल प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. त्यानेही भागलं नाही तर वीज तोडली जाते. पंखा सोडवून हीटसिंकच्या पात्यांमध्ये डोकावा : वरून स्वच्छ दिसणाऱ्या पंख्याखाली धुळीचा नमदा अडकलेला असतो. तो ब्रशने काढा. हीटसिंक उचलला तर थर्मल पेस्ट नवी लावावीच लागते.

आता लाइटचं. बत्ती जाऊन इन्व्हर्टर लागतो, तेवढ्या क्षणापुरतं मशीन एसएमपीएसमधल्या साठ्यावर तग धरतं. एटीएक्स मानकानुसार हा काळ जेमतेम १६-१७ मिलिसेकंदांचा असतो. इन्व्हर्टर एको मोडवर असेल तर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. मागचा खटका यूपीएस मोडवर टाकून बघा. जुन्या एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकले की हा साठाही घटतो. मात्र एसएमपीएस घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरतो. पेंडिंग सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर आजच नवी डिस्क घ्या. सीआरसी चुका वाढत असतील तर आधी केबल बदला.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप इंटेल प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट केलाय का ते बघा. जास्तीच्या व्होल्टेजमुळे त्यांतले काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि दोन वर्षांची जादा वॉरंटी दिली.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मधे आठवडाभर जाऊ द्या. एवढं करूनही मशीन दुकानात न्यावं लागलं तर वही सोबत न्या आणि नवा भाग विकत घेण्याआधी दुकानातला चालू एसएमपीएस किंवा रॅम लावून दाखवायला सांगा.