माशाच्या अंगावरील पांढरे ठिपके

घरांतील माणूस आजारी पडलें तर तें कण्हतें, पाणी मागतें. गोठ्यांतील गाय आजारी पडली तर ती चारा टाकून हंबरते. परंतु काचपेटींत ठेवलेल्या माशाला आपलें दुखणें सांगण्यास आवाज नाहीं. ज्यानें त्याला घरीं आणलें, त्यानेंच तें डोळ्यांनीं ओळखलें पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना मासे पाळण्याची आवड आहे. म्हणून उष्ण प्रदेशांतील शोभेच्या माशांना वारंवार जडणाऱ्या एका रोगाची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय.

उदाहरणादाखल काळा मोली हा मासा घेऊं. त्याचें मूळ कुळ मेक्सिको व मध्य अमेरिका येथील उष्ण पाण्यांतलें. एरवीं मखमलीसारखा काळाभोर असणारा हा मासा एके सकाळीं अंगावर कोणीं रवा भुरभुरावा तसा दिसूं लागतो. तत्पूर्वी एक-दोन दिवस तो पर अंगाशीं मिटून घेतो, दगडाला अंग घासतो व खाणें टाकतो. रोग कल्ल्यांत शिरला असेल तर तो पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकतो. मात्र पांढरें तें सर्व ह्याच रोगाचें असें समजूं नये. कापसासारखा पुंजका दिसला तर तो बहुधा बुरशीचा असतो. आणि विणीच्या दिवसांत नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झांकणांवर जे पांढरे उंचवटे येतात, तो मुळीं रोगच नव्हे.

प्रत्येक ठिपक्यांत एक एकपेशीय जंतु दडलेला असतो. जीवशास्त्राच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांनीं पॅरामीशियमचें चित्र पाहिलें असेल. अंगभर केसांसारखे बारीक तंतु असलेला हा जंतु त्याचाच दूरचा भाऊबंद आहे. १८७६ सालीं फूके ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें व त्यास इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस असें नांव दिलें. ह्या लांबलचक नांवाचा अर्थ ‘पुष्कळ लेंकरांची, माशावरील ऊ’ असा होतो. जंतु ऊ नव्हे. पण लेंकरांविषयींचा भाग अगदीं यथार्थ आहे.

ह्या जंतूच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. पहिल्या भागांत तो माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखालीं राहून तेथील पेशींवर निर्वाह करतो व सुमारें एक मिलिमीटरपर्यंत वाढतो. दुसऱ्यांत तो त्वचेंतून बाहेर पडतो, तळाच्या वाळूला किंवा वनस्पतींना चिकटतो व स्वतःभोंवतीं कोश करून घेतो. ह्या कोशांत एकाचे दोन, दोहोंचे चार असें होत होत शेंकडों, कधीं हजारापर्यंत पिलें तयार होतात. तिसऱ्या भागांत तीं पिलें कोश फोडून पोहूं लागतात. एक-दोन दिवसांत मासा सांपडला तर तीं त्याच्या त्वचेंत शिरतात. न सांपडला तर मरतात. पाणी २५ अंश सेल्सियस असेल तर हें चक्र साधारण आठवड्याच्या आंत पुरें होतें. थंड पाण्यांत त्यास कित्येक आठवडे लागतात.

आतां ह्या रोगांतील मुख्य गोष्ट सांगतों. त्वचेखालच्या जंतूला माशाच्या त्वचेचें व तळावरील जंतूला कोशाचें चिलखत असतें. औषध लागू पडतें तें केवळ पाण्यांत पोहणाऱ्या पिलांस. औषध घातल्यावर तीन-चार दिवसांनीं ठिपके दिसेनासे होतात, मुलें आनंदानें टाळ्या पिटतात आणि औषध बंद होतें. वस्तुतः ते ठिपके गेले ते जंतु मेले म्हणून नव्हे, तर पिकलेले जंतु तळाशीं उतरले म्हणून. आठवड्याच्या आंत पूर्वीच्या दहा ठिपक्यांच्या जागीं शंभर दिसतात आणि कल्ले पोखरले गेल्यामुळें मासा गुदमरून मरतो. ताप उतरतांच औषधाची बाटली फळीवर ठेवून देणाऱ्या रोग्यासारखाच हा प्रकार आहे.

तेव्हां उपचार कसा करावा? प्रथम पेटींतील सुमारें पाव हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, म्हणून तें क्लोरीन नाहींसा करणारें द्रव्य घालून व पेटींतील पाण्याइतकेंच कोमट करून मगच ओतावें. नंतर उष्णता हळूहळू, दर कांहीं तासांनीं एक अंश ह्या बेतानें, ३० अंशांच्या जवळ न्यावी. इतक्या उष्णतेंत ह्या जंतूची वाढ बहुधा खुंटते. पण ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालूं ठेवावा. मोलीसारख्या माशास मीठ सोसतें; दर लिटरला एक ग्रॅम, ह्या प्रमाणानें तें आधीं विरघळवून थोडें थोडें घालावें. खवले नसलेल्या माशांस व पाणवनस्पतींस मात्र तें बाधतें. इतक्यानें न भागल्यास दुकानांतील औषध घ्यावें व गाळणींतील कोळसा काढून ठेवावा, नाहीं तर तो औषध शोषून घेतो. मॅलॅकाइट ग्रीन हें ह्या रोगावरील औषध विषारी आहे; तें पालकांनींच मोजावें व कुलपांत ठेवावें. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार निदान एक आठवडा चालूं ठेवावा.

रोग येऊंच नये म्हणून नवा मासा दोन-तीन आठवडे निराळ्या पेटींत ठेवावा, व एका पेटींतील जाळें ओलें असतां दुसरींत घालूं नये. आपल्या दख्खनच्या पठारावर हिवाळ्याच्या रात्रीं पाणी गारठतें व माशाची प्रतिकारशक्ति उणी होते. तेव्हां पेटींत उष्णतामापक असावाच.

विद्यार्थ्यांनीं पेटीजवळ एक वही ठेवून तींत तारीख, पाण्याची उष्णता, ठिपक्यांची संख्या व औषधाची मात्रा रोज लिहावी. ठिपके गेल्यानंतरचे दिवस लिहिण्याचा कंटाळा येईल. पण ह्या रोगांत माशाचें जगणें-मरणें त्याच दिवसांवर अवलंबून असतें. अशी वही ज्यांनीं शेवटपर्यंत ठेविली असेल, त्यांनीं ती आम्हांस अवश्य आणून दाखवावी. ती पाहण्यास आम्हांस फार आनंद वाटेल.