नर्तकीचा नवा जोडा

नवा जोडा चावतो हे कोणास नव्याने सांगावयास नको. कोल्हापुरी पायताणास तेल पाजावे, दोनचार दिवस ते अंगणात वापरावे, म्हणजे ते मऊ पडते आणि पुढे जितके जुने होईल तितके पायास सुख देते. पाश्चात्त्य बॅले-नर्तकीच्या जोड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो प्रथम बुद्ध्याच मोडावा लागतो. आणि पायास पुरता मानवला म्हणावा, तोच त्याचे आयुष्य संपत आलेले असते. या अल्पायुषी वस्तूची हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरच्या मुली मुंबईस किंवा परदेशी हे नृत्य शिकत असतील त्यांस, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

पायाच्या बोटांच्या अग्रावर उभे राहून नाचण्याची ही कला 1832 साली पॅरिस येथे मारी टाग्लिओनी या नर्तकीने ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यात गाजविली. तिचा जोडा म्हणजे मऊ सॅटिनची साधी सपाता. टोकास रफू घालून काय तो आधार केलेला. कडक टोपण मागाहून आले. परंपरागत जोड्याचे हे टोपण गोणपाट, कागद आणि खळ यांच्या थरांनी बनवितात. तळात पुठ्ठ्याचा अथवा चामड्याचा कणा असतो, आणि वर सॅटिन. जोडा उलटा शिवून मग सुलटा करितात. डावा-उजवा असा भेद त्यात बहुधा नसतोच; तो नर्तकीने ठरवावयाचा. लंडन येथे 1929 साली स्थापन झालेल्या फ्रीड यांच्या पेढीत प्रत्येक कारागीर आपल्या जोड्यावर मुकुट, नांगर, घंटा अशी स्वतःची खूण उठवितो, आणि नर्तकी वर्षानुवर्षे एकाच खुणेचा जोडा मागवितात. ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही अशा माणसाच्या हातावर त्यांची सारी भिस्त असते.

हा जोडा नवा असतो तेव्हा लाकडासारखा ताठ असतो. मग नर्तकीचे काम सुरू होते. फिती व इलॅस्टिक ती आपल्या हाताने शिवते, कारण त्यांची जागा तिच्याच घोट्यास ठाऊक. टोपणाच्या बाजू ती हाताने वा टाचेखाली दाबून सैल करिते. तळ घसरू नये म्हणून चाकूने ओरखडते व त्यास राळ लाविते. टोकावरचे गुळगुळीत सॅटिन कापून टाकते किंवा त्यावर रफू घालते. जोडा जिन्याच्या पायरीवर आपटते तीही रागाने नव्हे, त्याचा आवाज मरावा म्हणून. 1841 सालच्या ‘जिझेल’ या नृत्यनाट्याच्या दुसऱ्या अंकात मृत कुमारिकांची भुते नाचतात. त्या भुतांच्या पायांचा खडावांसारखा खटखटाट ऐकू आला, तर प्रेक्षकांस भीतीऐवजी हसू नाही का येणार?

परंतु खरी मेख तळाच्या कण्यात आहे. तो वाकवावयाचा तो बहुधा टाचेच्या किंचित पुढे. अजाण हात त्यास बरोबर मध्येच मोडतो, आणि मग पायाच्या कमानीस पाठबळ उरत नाही. नर्तकीचा भार केवळ बोटांवर नसतो. टोपणाच्या भिंती व हा कणा मिळून पाऊल उचलून धरितात. ती ढिली पडली की सारा भार दोन-तीन बोटे रुंदीच्या टोकावर आणि पर्यायाने घोट्यावर येतो. त्यातच घामाने खळ विरघळू लागते. लाखेचे द्रावण आत ओतून जोड्याचे आयुष्य थोडे वाढविता येते. तरी मोठ्या नृत्यनाट्यात नायिकेस एका रात्रीत दोन-तीन जोडेही लागतात. ताठ जोडा आणि मेलेला जोडा या दोहोंमध्ये जो अल्प काळ सापडतो, तेवढाच नाचावयाचा.

येथेच आम्हांस पालकांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. मोठमोठ्या नर्तकी जोडा दारात चिरडतात, हातोडीने ठोकतात, याच्या चित्रफिती हल्ली घरोघर पाहावयास मिळतात; आणि नवशिकी मुलगीही आपल्या पहिल्याच जोड्यावर तो प्रयोग करू पाहते. प्रौढ नर्तकीचे घोटे अनेक वर्षांच्या अभ्यासाने तयार झालेले असतात, म्हणून तिला नमलेला जोडा चालतो. मुलीस जोड्याचाच आधार हवा. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षापूर्वी, आणि काही वर्षांच्या पूर्वतयारीवाचून, जाणते शिक्षक हा जोडा बहुधा देतच नाहीत. कारण पावलाची हाडे तोवर पुरती टणक झालेली नसतात. दिल्यावरही कठड्यास धरून, एका वेळी थोडी मिनिटे, चवड्यांवर चढउतार करीत तो पायाकडूनच नमवून घ्यावा. 1993 साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेली गेनर मिंडेन ही कंपनी कृत्रिम द्रव्याचा लवचीक कणा घालून जोडे करिते, व ते मोडीत बसावे लागत नाहीत. सोय उत्तम खरी. पण कणा तयार मिळाला तरी घोटा बाजारात तयार मिळत नाही.

आयुष्य शिक्षकी पेशात घालविल्यामुळे आम्हांस असे दिसते की, मुलांच्या घाईच्या मुळाशी पुष्कळदा आईबापांची हौस असते. मुलगी वर्षभर उशिरा अग्रावर चढली तर कोणाचे काही बिघडत नाही. जोडा बिघडला तर दुसरा आणता येतो. पाऊल बिघडले तर ते कोठून आणावयाचे?