प्रयत्न आणि कृपा : ध्यानमार्ग व ख्रिस्ती मौनप्रार्थना

योगाभ्यासी, विपश्यना करणारा साधक आणि मौनप्रार्थनेत बसलेला ख्रिस्ती मठवासी यांच्यातील भेद बाहेरून पाहणाऱ्याला सहसा जाणवत नाही, आणि या बाह्य साम्यावरून सर्व गूढमार्ग शेवटी एकच आहेत असा निष्कर्ष पुष्कळदा घाईने काढला जातो. साम्य खरे आहे. किंबहुना समजले जाते त्यापेक्षा ते बरेच जुने आहे. मात्र फरक आसन, श्वास किंवा जप यांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, कारण तो असतो मन शांत करणारा कर्ता कोण, या प्रश्नात.

ख्रिस्ती परंपरेतील मौनप्रार्थना म्हणजे मागणे मागणारी किंवा स्तुती गाणारी शब्दप्रार्थना मागे ठेवून देवाच्या सान्निध्यात केवळ सावधपणे राहणे. तिचा उगम चौथ्या शतकातील ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांकडे जातो. त्यांच्यापैकी इव्हॅग्रियस याने विचार बाजूला सारणे हेच प्रार्थनेचे स्वरूप मानले, तर त्यांचा सहवास लाभलेल्या जॉन कॅसियनने स्तोत्रसंहितेतील देवाचा धावा करणारे एकच वचन दिवसभर, कामात आणि झोपेच्या उंबरठ्यावरही घोळवीत राहण्याची रीत लिहून ठेवली. पुढे ग्रीसमधील आथोस पर्वतावरील मठांत येशूच्या नावाने दयेची याचना करणारे छोटेसे वाक्य श्वासाच्या लयीत जपण्याची, हनुवटी छातीला टेकवून मन हृदयात उतरवण्याची पद्धत रूढ झाली. चौदाव्या शतकात बार्लाम नावाच्या विद्वानाने या साधकांचा जीव नाभीत असतो अशी टर उडवली, तेव्हा ग्रेगरी पालामास याने त्यांची बाजू मांडली. देवाचे स्वरूप अगम्यच राहते, तरी त्याच्या शक्तींचा अनुभव माणसाला, आणि तोही देहासकट, येऊ शकतो, हे त्याचे प्रतिपादन 1341 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने उचलून धरले. श्वास आणि देह यांना प्रार्थनेत स्थान देणे ही पूर्वेकडून अलीकडे घेतलेली उसनवारी आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे.

पश्चिमेकडील मठांत मौनाची वाट बहुधा ग्रंथातून जात असे. बाराव्या शतकातील दुसरा ग्वीगो या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा वेदान्ताचा क्रम तिच्याशी बराच जुळतो. फक्त मनन संपल्यावर देवाला हाक मारण्याची तिसरी पायरी ग्वीगोला अनिवार्य वाटते.

या पायरीचे महत्त्व आव्हिलाच्या संत तेरेसाच्या (1515–1582) लेखनात सर्वांत स्पष्ट होते. 1565 मध्ये पूर्ण केलेल्या आत्मचरित्रात तिने प्रार्थनेच्या अवस्था बागेला पाणी घालण्याच्या चार प्रकारांनी समजावल्या आहेत. आरंभी माळी विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदतो आणि दमतो. नंतर रहाट येतो, कष्ट कमी होतात आणि पाणी वाढते. पुढे ओढ्याचे पाणी पाटाने येऊन जमीन भिजवते आणि माळ्याकडे ते वळवण्यापुरतेच काम उरते. अखेरीस पाऊस पडतो आणि माळ्याला करण्याजोगे काहीच राहत नाही. रहाट कितीही फिरवला तरी त्यातून पाऊस निर्माण होत नाही, यात तेरेसाचे सारे म्हणणे आले. म्हणूनच 1577 मध्ये लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात ती विचार बळेच थांबवू नयेत असे बजावते, कारण ते थांबवणे हे देवाचे काम आहे आणि माणसाने ते स्वतःकडे घेतले तर हाती केवळ कोरडेपणा येतो.

पातंजल योगाची भूमिका याच्या जवळजवळ उलट आहे. तेथे चित्तवृत्तींचा निरोध अभ्यास आणि वैराग्य यांनी साधायचा असतो; धारणा म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणे, ध्यान म्हणजे तोच प्रवाह अखंड ठेवणे आणि समाधी म्हणजे ध्येयवस्तूच तेवढी उरणे, असा हा क्रम साधकाच्या पुरुषार्थावर चालतो. त्याचा शेवट कैवल्यात, म्हणजे पुरुष प्रकृतीपासून पूर्णपणे वेगळा होण्यात होतो. तेरेसाच्या प्रवासाचा शेवट मात्र तिने आध्यात्मिक विवाह म्हटलेल्या मीलनात होतो. बौद्ध विपश्यनेत तर देवाचा प्रश्नच उपस्थित होत नाही. देहावरील संवेदनांचे उदय-व्यय तटस्थपणे पाहून अनित्यतेचे ज्ञान व्हावे, एवढेच तिचे प्रयोजन.

दोन्हीकडच्या जाणत्यांचे एकमत आढळते ते अलौकिक अनुभवांविषयीच्या संशयात. सिद्धी या समाधीतील अडथळे आहेत असे पतंजली सांगतात, तर तेरेसाचा सहकारी, क्रूसभक्त संत योहान, दर्शने आणि दिव्य वाणी यांना चिकटून राहणाऱ्याला सावध करतो. त्याची ‘अंधारी रात्र’ म्हणजे भक्तीतला गोडवाही काढून घेतला जाण्याची अवस्था.

तरीही भारत म्हणजे प्रयत्न आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा, अशी सोपी वाटणी टिकत नाही. पतंजलींनीच ईश्वरप्रणिधानाचा, म्हणजे ईश्वराला सर्व अर्पण करण्याचा, मार्ग मोकळा ठेवला आहे. आणि कृपेचा आग्रह टोकाला नेऊन माणसाची सारी क्रियाच थांबवू पाहणाऱ्या मिगेल दे मोलिनोसची शिकवण रोमने 1687 मध्ये निषिद्ध ठरवली. ख्रिस्ताचे मानवी रूप कोणत्याही उच्च अवस्थेत सोडू नये, हा तेरेसाचा हट्ट तर सगुणभक्तीत वाढलेल्या वारकऱ्याला लगेच उमजेल. ख्रिस्ती मौनप्रार्थनेची तुलना योगशास्त्राशी करण्याची प्रथा पडली आहे, परंतु तिचे खरे नाते भक्तिमार्गाशी आहे.

विसाव्या शतकातील संवाद मात्र मुख्यतः तंत्राच्या अंगाने झाला. जॉन मेन हा पुढे बेनेडिक्टाईन मठवासी झालेला गृहस्थ 1950 च्या दशकात मलायात एका हिंदू स्वामींकडून मंत्रजप शिकला. मठात आल्यावर वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याने तो सोडला आणि काही वर्षांनी कॅसियनच्या जुन्या ग्रंथात त्याला तीच रीत सापडली. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (1931–1987) यांनी पुण्यात सुरू केलेली आणि नंतर लोणावळ्याला गेलेली ‘साधना’ संस्था विपश्यनेतील श्वास व संवेदनांचे निरीक्षण ख्रिस्ती प्रार्थनेला जोडत असे. व्हॅटिकनने 1989 च्या पत्रात अशी तंत्रे सरसकट नाकारली नाहीत, परंतु तंत्रातून मिळणारी शांती आणि देवाची कृपा यांची गल्लत होऊ नये असे बजावले. डिमेलोंच्या लेखनातील काही भूमिकांवर 1998 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, अधिकृत आक्षेप घेतला गेला. 1989 च्या पत्राची चिंता तेरेसाच्याच शिकवणीला धरून होती. त्याचे उणेपण असे की पौर्वात्य मार्ग म्हणताना त्याच्यासमोर झेन आणि योग होते, भक्ती नव्हती.

महाराष्ट्रात तो धागा त्यापूर्वीच कवी नारायण वामन टिळक यांच्या हाती लागला होता. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे सांगत, आणि ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी आसन किंवा प्राणायाम न निवडता अभंग, भजन आणि कीर्तन निवडले.